अठरा मिनिटं

कटिंगताईनं मुकादमावर डूख धरला त्याला कारण एक लाकडी गज.

कापड मोजायचा तो गज घेऊन मुकादम एका सोमवारी बायकांच्या संडासापाशी आला आणि त्यानं दारावर तीन टोले दिले. आत कटिंगताई फरशीवर एक गुडघा टेकून, कपाळ नळाच्या गार पाइपाला लावून, दातांवर दात दाबून बसली होती. बसली तरी कशी म्हणायची, बसता येत नव्हतं म्हणून तर अशी टेकली होती. बाहेरून मुकादम अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, तेरा मिनिटं झाली. आत घर बांधताय की काय?"

शेडमध्ये चाळीस माणसं. शिलाईची यंत्रं थांबली. कुणीतरी एक हसलं, मग बरेच जण हसले. आतून तिला एकेक हसू ओळखू आलं, कुणाचं खोकल्यासारखं, कुणाचं नाकातलं. ती बाहेर आली तेव्हा तोंडाला रंग नव्हता आणि पाठीवर ब्लाउज घामानं चिकटला होता. मुकादमानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, खिशातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि तिच्यासमोरच लिहिलं. हसणाऱ्यांना तिनं महिन्याभरात माफ करून टाकलं, कारण त्यांच्याबरोबर रोज चहा प्यायचा होता. मुकादमाला माफ करायचं तिच्या मनातही आलं नाही. त्या दिवसापासून ती वाट बघत राहिली.

कारखाना खुर्च्यांचा होता. सभागृहांच्या, नाट्यगृहांच्या, दवाखान्यांत ताटकळणाऱ्या माणसांच्या खुर्च्या तिथे तयार व्हायच्या. एका टोकाला सुतारकाम, मग स्प्रिंगा आणि काथ्या, मग शिलाई, आणि या सगळ्यांच्या आधी कटिंगचं लांबलचक टेबल. त्या टेबलाशी ती एकोणीस वर्षं उभी होती. कापडाचे थर एकावर एक लावायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूनं आखायचं आणि यंत्रानं एका दमात चाळीस तुकडे कापायचे. तिच्या हाताखालून कापडाची वीतभर पट्टी कधी वाया गेली नव्हती. उरलेल्या चिंध्यांतूनसुद्धा ती हातांच्या गाद्यांचे तुकडे काढायची आणि शिलाईच्या बायकांना म्हणायची, "घ्या, फुकटात बाळंत झालं कापड."

दुखणं सुरू झालं तेव्हा ती अडतिसाव्या वर्षात होती. आता चव्वेचाळीस. ते सांगून यायचं नाही. चालता चालता, कधी अगदी हसता हसता, बसायच्या जागी आत खोल काहीतरी आवळलं जायचं. आधी वाटायचं, गॅस असेल. मग ती मूठ घट्ट व्हायची, आणखी घट्ट, आणि गादी शिवायचा मोठा दाभण खालून वर कुणी सावकाश सारत नेतोय असं वाटायचं. दहा मिनिटं, कधी वीस. मग मूठ आपली आपण सुटायची आणि मागे काही म्हणजे काही राहायचं नाही. सूज नाही, रक्त नाही. दाखवायला सुद्धा काही नाही, हेच सगळ्यांत वाईट. सहा आठवडे नाव नाही आणि मग एका आठवड्यात तीनदा.

जागाच अशी की तोंडानं सांगायची सोय नव्हती. ती म्हणायची, पोटात दुखतं. घरी लेकीलाही तेच. कॉलेजात जाणारी तिची लेक सकाळी न्हाणीघराच्या दाराबाहेर हात बांधून उभी राहायची आणि थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "आई, जास्त झालंय का?" आतून ही आवाज सरळ ठेवून सांगायची, "नाही गं, तू जा, तुझी बस चुकेल." तो आवाज सरळ ठेवण्यात दुखणं सोसण्याइतकीच ताकद जायची. आईला हे जमावं लागतं.

पोट म्हटल्यावर कारखान्यात सगळ्यांना विनोद सुचू लागले. रात्री काय खाल्लं होतं, पासून सुरुवात व्हायची. मुकादमाचा विनोद सगळ्यांत टिकला. टेबलावरून ती एकदम उठून जाते, म्हणून त्यानं तिचं नाव 'स्प्रिंग' ठेवलं. ती लगबगीनं निघाली की तो मोठ्यानं म्हणायचा, "गेली बघा, खिळा सुटला."

तीन डॉक्टर झाले. पहिल्यानं तपासल्याशिवाय मूळव्याधीचं मलम दिलं. दुसऱ्यानं विचारलं, टेन्शन घेता का? तिसऱ्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी नीट तपासलं, कॅमेऱ्यानं आतून पाहायला लावलं आणि सगळे कागद समोर मांडून सांगितलं की गाठ नाही, जखम नाही, जिवाला धोका नाही. पोटरीत पेटका येतो तसाच तिथल्या स्नायूंत येतो. पुष्कळांना येतो, सांगत कुणी नाही.

"कशामुळे येतो?"

"ते आम्हाला अजून माहीत नाही."

"म्हणजे चूक कुणाची?"

डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. म्हणाल्या, कुणाचीच नाही. गरम पाण्यात बसा, फार वेळ मांडी घालून बसू नका, आणि कधी येतं, किती वेळ राहतं याची तारीखवार नोंद ठेवा, त्यावरून काही कळलं तर कळेल. कटिंगताईनं मान डोलावली आणि नोंद कधी ठेवली नाही. जी गोष्ट विसरायला ती धडपडत होती ती रोज लिहून कोण काढणार? पण 'कुणाचीच नाही' हे मात्र तिच्या मनात सलत राहिलं. इतकं दुखवणारं कुणी असायला हवं होतं. कुणी समोर असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं, त्याला शिव्या देता आल्या असत्या, त्याचं उट्टं काढता आलं असतं. दुखण्याला चेहराच नव्हता. मुकादम गज घेऊन दाराशी आला आणि तिला हवा होता तो चेहरा आयता मिळाला.

मुकादम मूळचा या धंद्यातला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो चादरी आणि पडद्यांच्या कारखान्यातून आला होता. हात वेगवान, जीभ त्याहून वेगवान. आल्या आल्या त्यानं वही सुरू केली. कुणी उशिरा आलं, कुणी फोनवर बोललं, सगळं त्यात असायचं, पण निम्मी वही एकट्या कटिंगताईची होती. मालकीणबाई महिन्यातून दोनदा यायच्या. वडिलांमागे कारखाना त्यांच्याकडे आला होता आणि त्या कागदावर विश्वास ठेवणाऱ्या होत्या. मुकादमानं त्यांना वही दाखवली आणि त्यांनी कटिंगताईला बोलावून शांतपणे सांगितलं की या महिन्यात आणखी तीनदा दहा मिनिटांच्या वर टेबल सोडलं, तर टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. तिला काढणार नव्हते. काथ्याच्या खोलीत पाठवणार होते.

काथ्याच्या खोलीत काम सोपं होतं. दिवसभर जमिनीवर मांडी घालून काथ्या पिंजायचा. टेबलाशी ती उभी राहू शकायची म्हणून तर दुखणं लागल्यावरही सहा वर्षं निभावलं होतं. दिवसाचे आठ तास त्या जागेवर भार टाकून बसणं तिला एक दिवसही जमलं नसतं. तरीही तिनं खरं कारण सांगितलं नाही. मालकीणबाईंच्या केबिनमध्ये मुकादम उभा होता आणि त्याच्या तोंडात तो शब्द पडू द्यायची तिची तयारी नव्हती.

महिन्यात दोनदा झालं. तिसऱ्याची वाट बघत मुकादम टेबलाभोवती घिरट्या घालायचा.

त्याच आठवड्यात एका नाट्यगृहाची ऑर्डर आली, तीनशे वीस खुर्च्या, वाइनच्या रंगाची मखमल. मखमलीला लव असते. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर केस उभे राहतात, तसंच. लव एका बाजूनं खोल गडद दिसते आणि उलटी केली की तोच रंग फिकट, धुळकट दिसतो. म्हणून मखमलीचे थर लावताना प्रत्येक थर टोकाशी कापायचा, कापड घेऊन पुन्हा पहिल्या टोकाला यायचं आणि तिथून लावायचं. सगळ्या थरांची लव एकाच दिशेला. साध्या कापडाला एवढी उठाठेव लागत नाही. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, दुमडायचं आणि तसंच उलटं आणायचं. चादरीवाले तसंच करतात. निम्म्या वेळात होतं.

बुधवारी तिनं पहिला थर लावला, कडेला निळ्या खडूनं लवेच्या दिशेचा बाण काढला आणि दुसऱ्याला हात घालणार तोच आतली मूठ आवळली. तिनं टेबलाची कड धरली. मुकादम लांबून बघतच होता. तिला घड्याळाकडे बघायची गरज नव्हती, तो बघत होता.

या वेळी ती आत असताना दारावर टोले पडले नाहीत. ती फरशीवर टेकली, त्या जागेखाली टाच दाबून धरली आणि एक ते शंभर, पुन्हा एक ते शंभर मोजत राहिली. टेबल गेलं, एवढंच डोक्यात होतं. ती बाहेर आली तेव्हा मुकादम बाह्या वर करून तिच्या टेबलाशी उभा होता. चाळीस थर लागले होते. कड सुताइतकी सरळ.

"अठरा मिनिटं," तो म्हणाला. "तुम्ही तिकडे होता तेवढ्यात मी सगळं लावलं. सांगा आता, या टेबलाला तुमची गरज काय?"

शिलाईच्या बायका माना खाली घालून शिवत राहिल्या. कटिंगताई पुढे गेली आणि सवयीनं थरांच्या कडेखाली बोट घातलं. एका थरावर बोट सरकलं, दुसऱ्यावर अडलं. सरकलं, अडलं. तिचे डोळे टेबलाच्या टोकाशी गेले. तिथे कापड दुमडलेलं होतं, कापलेलं नव्हतं.

मखमल चादरीसारखी लावली होती त्यानं.

तिनं बोट काढून घेतलं. पदरानं तोंड पुसलं. त्या सोमवारनंतरच्या आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला मुकादमाबद्दल प्रेम वाटलं म्हणायला हरकत नाही, शिकाऱ्याला सावजाबद्दल वाटतं तेवढं.

"छान लावलंय हो," ती म्हणाली. "तुमचं काम आहे, खूणही तुमची करा. उगाच माझ्या नावावर नको."

मुकादमाला हे गोड लागलं. त्यानं वरच्या थरावर तिचा निळा बाण पुसून लाल खडूनं आपला काढला, गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर नाव आणि वेळ लिहिली आणि वहीत तिच्या अठरा मिनिटांच्या शेजारी तेही टिपून ठेवलं. शनिवारी मालकीणबाई येणार होत्या, त्यांना दाखवायला. मग तिनं सांगितलं की अजून कळ आहे, कापूनही तुम्हीच टाका. त्यानं यंत्र सुरू केलं.

पातं कापडाला लागायच्या आधी तिच्या जिभेवर शब्द आला होता. खोटं कशाला बोलायचं, आला होता. एकोणीस वर्षांत जिनं वीतभर कापड वाया घालवलं नाही तिच्या डोळ्यांसमोर सगळी मखमल चालली होती, आणि हात आपोआप पुढे झाला होता. तेवढ्यात मुकादम मान न वळवता म्हणाला, "शिका ताई. बूड हलवलं की कामं होतात."

शब्द परत घशात गेला. यंत्र चाललं. साच्याची पुढची बाजू रुंद, मागची अरुंद, त्यामुळे उलटे तुकडे फिरवून वापरायचीही सोय नव्हती. दुपारपर्यंत त्यानं असेच आणखी गठ्ठे लावून कापले. ती त्याच्यासाठी साचे धरून उभी राहिली, अगदी आज्ञाधारक.

गुरुवारी बॉबिन तिच्याकडे आली. बॉबिन म्हणजे शिलाईतली तिची जिवाभावाची मैत्रीण, बुटकी, गोल, तोंडात कायम दोऱ्याचं टोक. शिलाईवाल्या बाईचा हात मखमलीवरून दिवसभर फिरतो, तिला कळायला डोळे लागत नाहीत.

"अगं, निम्मे तुकडे उलटे आहेत," ती कुजबुजली. "झोपेत कापलेस का?"

"चिठ्ठी बघ कुणाची आहे."

बॉबिननं चिठ्ठी पाहिली. दोरा तोंडातून काढला. मुकादमाच्या विनोदांवर तीही कधीकधी हसली होती, त्या सोमवारीसुद्धा. नाकातलं हसू तिचं होतं. तिनं दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "किती शिवू?"

"रांगेपुरतं."

कारखान्यात रीत होती. कुठल्याही ऑर्डरच्या पहिल्या बारा खुर्च्या तयार झाल्या की मागच्या अंगणात, उन्हात, एका ओळीत मांडायच्या. मालकीणबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायच्या आणि मग त्या टोकापासून या टोकापर्यंत. त्यांच्या वडिलांची पद्धत. त्यात पास झालं की पुढचं काम. बॉबिननं बाकीच्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण दोन दिवस शिलाईत सुया तुटत राहिल्या, पट्टे निसटत राहिले आणि बारापेक्षा तेरावी खुर्ची काही शिवून झाली नाही. मुकादम ओरडत होता. शेडमधल्या नळीच्या दिव्यांखाली सगळी मखमल त्याला सारखीच दिसत होती.

शनिवारी उन्हं कडक होती. बारा खुर्च्या ओळीत लागल्या आणि मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. एक खुर्ची गडद, एक फिकट. एक गडद, एक फिकट. मालकीणबाई त्या टोकाला गेल्या आणि वळल्या. तिकडून गडद होत्या त्या फिकट दिसत होत्या आणि फिकट त्या गडद. चाळीस माणसं अंगणाच्या कडेला उभी होती. मालकीणबाईंनी वाकून एका खुर्चीवर हात फिरवला, मग शेजारच्या.

"हे टेबल कुणाचं?"

"ताईंचं," मुकादम लगेच म्हणाला. "मी तुम्हाला आज तेच सांगणार होतो. यांचं लक्ष कामात नसतं, निम्मा वेळ आत असतात. वहीत सगळं आहे."

"मग वहीच बघा," कटिंगताई म्हणाली. "बुधवारचं पान."

मुकादमाचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मालकीणबाईंनी हात पुढे केला. त्यांनी पान काढलं आणि वाचलं. दहा चाळीस ते दहा अठ्ठावन्न, ताई टेबलावर नाही, तिसरी वेळ. त्याच्या शेजारी, त्याच सुवाच्य अक्षरात, चाळीस थर स्वतः लावले. बॉबिननं गठ्ठ्याच्या चिठ्ठ्या ओंजळीत धरून पुढे केल्या. प्रत्येकीवर मुकादमाचं नाव.

मालकीणबाई हुशार होत्या. त्यांनी वही मिटली आणि कटिंगताईकडे वळून विचारलं, "परत आल्यावर तुम्ही थर तपासले नाहीत?"

हाच प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. याच्या उत्तरावर तिचं टेबल टांगलेलं होतं.

"मुकादमांनी माझं काम तपासायचं असतं," ती म्हणाली. "मी मुकादमांचं तपासायचं, असा नियम मला कुणी सांगितला नाही."

काथ्याच्या खोलीतला म्हातारा कारागीर खाकरला. मालकीणबाईंनी वही काखेत धरली. मग त्यांनी विचारलं, अठरा अठरा मिनिटं ती आत करते तरी काय.

ती सहा वर्षं पोट म्हणत आली होती. आज मुकादम समोर होता, पण त्याच्या तोंडात आता काही पडलं तरी त्याचा विनोद होण्याची भीती नव्हती.

"पोटात नाही," ती म्हणाली. "बसायच्या जागी आत पेटका येतो. कुणी दाभण घालावा तसं दुखतं. कशामुळे ते डॉक्टरांनाही माहीत नाही. कागद आहेत माझ्याकडे. म्हणून मला उभ्याचं काम हवंय, आणि दारावर गज नकोय."

कुणी हसलं नाही. काथ्याचा म्हातारा मात्र हळूच हात वर करून म्हणाला, "मलाही येतो, वर्षातून दोन-चारदा. मी कधी कुणाला बोललो नाही." तेव्हा थोडं हसू आलं लोकांना, पण ते वेगळं होतं.

मालकीणबाईंचा निर्णय दोन वाक्यांत संपला. टेबल ताईंकडे राहील. मुकादमांना माल ओळखता येत नाही, तर त्यांनी खालून सुरुवात करावी, काथ्याच्या खोलीत जागा आहे.

मुकादम आत जायला निघाला तेव्हा कटिंगताईनं त्याला वाट दिली. काहीतरी लागेल असं बोलायचं तिनं आठ महिने जमवून ठेवलं होतं. पण त्या खोलीचं बुटकं दार, त्यात वाकणारी त्याची पाठ आणि खाली पसरलेलं गोणपाट बघून बोलायची गरज उरली नाही. तो मांडी घालून बसेपर्यंत ती उभी राहून बघत होती.

वाया गेलेली मखमल पुढे महिनाभर तिच्या टेबलाखाली गठ्ठ्यात पडून होती. तिच्यातून तिनं एकटीनं हातांच्या गाद्या, उशांच्या कडा, जे निघेल ते काढलं. तेवढं कापडाचं देणं तिच्याकडे होतं आणि तिनं ते फेडलं. मुकादमाचं काही देणं नव्हतं.

वही मालकीणबाईंनी रद्दीच्या टोपलीत टाकली होती. ती तिनं उचलून घरी आणली, का ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. लेकीच्या हाती ती लागली. लेक स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पानं उलटत राहिली आणि मग तिनं पेन्सिल घेऊन मोजायला सुरुवात केली.

"आई, हे सगळं तुझं आहे? एकसष्ट वेळा?"

कटिंगताईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग लेकीला पोटाचं नाही, खरं सांगितलं. लेक रडली नाही. रागावली. म्हणाली, डॉक्टरांनी मागितलेली नोंद हीच की, तुझ्याकडून झाली नसती इतकी नीट.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवून वही पहिल्या पानापासून वाचली. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, एकही दिवस सुटलेला नाही. आठवड्याचे कुठले दिवस जास्त, सकाळी की दुपारी, त्यांनी बाजूला कागदावर उतरवून घेतलं. कारण त्यातूनही कळलं नाही. पण सकाळी दहाच्या सुमारास जास्त येतं, तर साडेनऊला जरा चालून या, एवढं त्या म्हणाल्या. मग एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं. तो जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी होता.

"हे 'नाटक' कुणी लिहिलंय?"

"आमच्या मुकादमांनी," कटिंगताई म्हणाली. ती खुर्चीत बसली नव्हती, भिंतीला टेकून आरामात उभी होती. "आता काथ्या पिंजतात. दिवसभर मांडी घालून."